पुण्याला बिऱ्हाड हलवताना : नातवंडांसाठी वस्ती कशी पारखावी



गळीत हंगाम आटोपतो, खोडव्याचे पाचट सरीत दाबून होते आणि एप्रिल-मे महिन्यात आपल्या कार्यक्षेत्रातल्या घराघरांतून एक विषय हमखास निघतो. मुलाला पुण्यात नोकरी लागून चार-पाच वर्षे झालेली असतात. आतापर्यंत तो मित्रांबरोबर खोली करून राहिला, सूनबाई आणि पोरे गावी. आता थोरला नातू पहिलीला बसायचा झाला, धाकटी तीन वर्षांची. तेव्हा यंदा बिऱ्हाड पुण्याला हलवायचे ठरते. कुठे लेक-जावई असतात, कुठे मुलगा-सून, पण एक गोष्ट सगळीकडे सारखी. घराचे डिपॉझिट आणि सामानाचा टेम्पो यांचा खर्च बहुतेक वेळा आपल्या उसाच्या बिलातूनच जातो.

पैसे देणारा मात्र घर पाहायला जात नाही. "त्यांचं ते बघतील, आपल्याला शहरातलं काय कळतंय," असे म्हणून तो मोकळा होतो. हे म्हणणे प्रस्तुत लेखकाला पटत नाही. दोन एकर रान घ्यायचे झाले तर आपण काय करतो? एकदा पावसाळ्यात जातो, एकदा उन्हाळ्यात. पाणी कुठून येते, कुठे जाते, चिबड किती, पाणंद कशी, बांधाला कोण, विहिरीला फेब्रुवारीत पाणी राहते का, हे सगळे बघतो आणि मगच इसार देतो. विकणारा सांगतो तेवढ्यावर कोणी सातबारा करीत नाही. हीच नजर शहरात लागते, आणि ती नोकरीच्या गडबडीत असलेल्या पोरापेक्षा त्याच्या बापाजवळ आणि आईजवळ जास्त असते. पोरगा घर बघतो, म्हणजे काय बघतो? हॉल केवढा, ऑफिस किती लांब, भाडे किती. घर चार भिंतींचे असते, पण पोर वाढते ते वस्तीत. म्हणून आधी वस्ती पाहावी, मग घर.

येथे उदाहरण पुण्याचेच घेतले आहे, कारण आपली बहुसंख्य पोरे तिकडेच जातात.

उतार आणि ओढा

रान घेताना पहिली नजर उतारावर जाते. पुण्यातही ती तिथेच जायला हवी. मुळा, मुठा आणि पवना या नद्या आणि त्यांना येऊन मिळणारे आंबिल ओढा, रामनदी, देवनदी, नागझरी, भैरोबा नाला असे ओढे-नाले या शहराच्या पोटातून जातात. उन्हाळ्यात पाहिले तर ती गटारेच वाटतात. कुठे वरून स्लॅब टाकलेला, कुठे भिंत बांधून पात्र आवळलेले. परक्या माणसाला कळतही नाही की आपण ओढ्यात उभे आहोत.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले ते जुन्या मंडळींना आठवत असेल किंवा वडिलांकडून ऐकलेले असेल. ती गोष्ट आता जुनी झाली असे मात्र समजू नये. २७ सप्टेंबर २०१८ ला मुठा उजव्या कालव्याची भिंत पर्वतीजवळ जनता वसाहतीच्या बाजूला फुटली आणि दांडेकर पुलाजवळच्या शेकडो घरांत भर दुपारी पाणी घुसले. पाऊस नव्हता, काही नव्हते. दुसऱ्याच वर्षी, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरावर पाऊस कोसळला आणि आंबिल ओढ्याने अरण्येश्वर, सहकारनगर, टांगेवाला कॉलनी या भागात हाहाकार केला. शहर आणि परिसरात मिळून वीसहून अधिक माणसे गेली. रात्री दहा-अकराला पाणी आले, तेव्हा लहान पोरे झोपलेली होती. आणि २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडले तेव्हा सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक जागे होण्याआधी पार्किंग बुडाले होते. त्याच दिवशी डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत विजेचा धक्का बसून तीन तरुण दगावले.

आपण ओढ्याकाठी ऊस लावतो तेव्हा आपल्याला ठाऊक असते की पाच-दहा वर्षांत एकदा तरी पाणी येणार. ऊस दोन दिवस पाण्यात उभा राहतो, पोर राहू शकत नाही. म्हणून नदी-ओढ्याजवळचे घर असेल तर दोन रेषा विचाराव्यात. पाटबंधारे खात्याने आखलेली निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. महापालिकेच्या विकास आराखड्याच्या नकाशावर त्या दाखवलेल्या असतात. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला परवानगी नसते, पण जुन्या इमारती आणि बिनपरवाना घरे तेथे आहेतच, आणि भाडे कमी म्हणून लोक तेथे जातात.

नकाशा मिळाला नाही तर सोपी रीत सांगतो. इमारतीच्या खाली जाऊन विजेचे मीटर किती उंचीवर बसवलेत ते पाहा. पूर येऊन गेलेल्या सोसायटीत मीटर वर चढवलेले दिसतात. तळघरात पार्किंग असेल तर पाणी उपसायचा पंप आहे का ते पाहा. मग कोपऱ्यावरच्या जुन्या चहावाल्याकडे बसा आणि विचारा, "२०१९ ला इथे पाणी कुठपर्यंत होतं हो?" एजंटाला हे विचारू नये. तो "साहेब, इथं कधीच नाही" असेच म्हणणार. चहावाल्याला घर भाड्याने द्यायचे नसते.

डोंगराच्या पायथ्याचेही तसेच. २९ जून २०१९ ला कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत पावसात कोसळून खालच्या झोपड्यांत झोपलेली पंधरा माणसे गेली, त्यात चिमुकली पोरेही होती. ते बांधकामावरचे मजूर होते, त्यांना जागा निवडायची मुभाच नव्हती. आपल्याला ती आहे, तेव्हा भिंतीच्या वर राहायचे असो की खाली, भिंतीला पाणी निघायला भोके आहेत का आणि फुगवटा आलाय का, एवढे तरी पाहावे. बांध फुगला की ढासळतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

नळाचे पाणी येते कुठून

खरे सांगायचे तर पाच वर्षांखालच्या पोरांच्या बाबतीत पुरापेक्षाही रोजच्या पाण्याचा प्रश्न मोठा आहे, आणि याच बाबतीत सगळ्यांत कमी चौकशी होते.

पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ साली अकरा गावे आली, २०२१ साली आणखी तेवीस. वाघोली, मांजरी बुद्रुक, नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, बावधन बुद्रुक, पिसोळी ही दुसऱ्या खेपेतली. गाव हद्दीत आले म्हणजे दुसऱ्या दिवशी शुद्ध पाण्याची नळजोडणी आली असे होत नाही. इमारती आधी उभ्या राहिल्या, जलवाहिनी मागून येते आहे. तोवर विहीर, बोअर आणि टँकर. बारा-पंधरा मजली इमारत, खाली कारंजे, वर टँकरचे पाणी, असा प्रकार पुष्कळ ठिकाणी आहे.

जानेवारी २०२५ मध्ये काय झाले ते सभासदांनी वर्तमानपत्रात वाचले असेल. सिंहगड रस्त्याच्या बाजूला नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात गुलियन बारे नावाच्या आजाराची साथ आली. हातापायांतली ताकद जाते, काहींना श्वासासाठी यंत्रावर ठेवावे लागते. दोनशेच्या आसपास रुग्ण झाले, काही दगावले. कित्येकांना आधी जुलाब झालेले होते. तपासणीत काही रुग्णांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला आणि संशय दूषित पाण्याकडे गेला. नांदेडच्या ज्या विहिरीतून आजूबाजूला पाणी जात होते तिची चर्चा राज्यभर झाली, आणि जारचे पाणी विकणारे काही खासगी प्रकल्पही महापालिकेला बंद करावे लागले. म्हणजे "आम्ही जार घेतो" हे उत्तर पुरेसे नाही.

आपल्या गावात पाणीपुरवठ्याचा शिपाई टाकीत टी.सी.एल. पावडर टाकतो आणि नळाच्या पाण्यात दोन थेंब टाकून ओ.टी. टेस्ट घेतो. पाणी पिवळसर झाले की क्लोरीन आहे असे समजायचे. ग्रामपंचायतीच्या कारभारावर आपण कितीही बोललो तरी ही तपासणी आपल्या डोळ्यांसमोर होते. शहरात सोसायटीच्या टाकीत टँकर रिकामा झाला की पुढचे कोणी पाहत नाही. म्हणून घर बघायला जाल तेव्हा सेक्रेटरींना तीन गोष्टी सरळ विचाराव्यात. पिण्याचे पाणी महापालिकेचे किती दिवस आणि टँकरचे किती दिवस? टँकर कुठे भरतो? टाकी शेवटची केव्हा धुतली? तिसऱ्या प्रश्नाला जो तारीख सांगेल ती सोसायटी बरी. जो "धुतो की आम्ही" म्हणेल त्याच्याकडे आणखी एकदा विचारपूस करावी. आणि कुठलेही पाणी असो, लहान पोराला उकळून गार केलेले द्यावे. सूनबाईंना गॅस जळतो म्हणून कोणी बोलू नये, सिलेंडर दवाखान्यापेक्षा स्वस्त.

हिंजवडी, माण, मारुंजी या संगणक कंपन्यांच्या भागाचे तर वेगळेच. कंपन्या जगाला माल पाठवतात, पण २०२५ सालापर्यंत हा भाग महापालिकेत नव्हता, कारभार ग्रामपंचायतीचाच. त्यात ग्रामपंचायतीचा दोष आहे असे नाही. पाच हजार वस्तीसाठी केलेली योजना लाखाच्या वस्तीला कशी पुरणार? पाच गुंठ्यांच्या मोटरवर पाच एकर भिजवायला निघाल्यासारखे ते आहे. या बाजूला घर घेताना नुसता पत्ता वाचून हुरळून जाऊ नये, हद्द कोणाची ते विचारावे. रस्ता, कचरा, पाणी, दिवाबत्ती यांपैकी कशासाठी कोणाच्या दारात जायचे ते त्यावर ठरते.

शाळेची वाट पायी चालून पाहा

आता महत्त्वाचा मुद्दा. लोकांना शहराची भीती वाटते ती चोर-गुंडांची. टीव्हीवर कोयते नाचवणारी पोरे दाखवतात आणि आजी म्हणते, "नको बाई पुणं." भीती अगदीच खोटी नाही, पण लहान मुलाला रोज भेटणारा धोका वेगळा आहे, आणि त्याला चाके आहेत.

आपल्या बाजूने पुण्यात शिरताना कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत लांबलचक उतार लागतो. २० नोव्हेंबर २०२२ ला तेथे एका अवजड वाहनामुळे चाळीसहून अधिक गाड्या एकमेकांवर आदळल्या. १३ नोव्हेंबर २०२५ ला पुन्हा त्याच पट्ट्यात कंटेनर आदळून आग लागली आणि माणसे होरपळून गेली. या महामार्गाच्या एका अंगाला घर आणि दुसऱ्या अंगाला शाळा, अशी बिऱ्हाडे नऱ्हे-आंबेगावच्या बाजूला कितीतरी आहेत. वाघोलीला डिसेंबर २०२४ मध्ये भरधाव डंपर फुटपाथवर चढला आणि झोपलेल्या मजुरांपैकी तिघे गेले, त्यात दोन अगदी तान्ही म्हणावीत अशी लेकरे. जेथे नवी बांधकामे जोरात, तेथे डंपर आणि काँक्रीटचे मिक्सर दिवसरात्र. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावा म्हणून आपला कारखाना दरवर्षी कानीकपाळी ओरडतो, कारण भरलेल्या ट्रॉलीच्या मागचे काही दिसत नाही हे आपण अनुभवाने शिकलो. मिक्सरवाल्याला तर चाकापुढचे चार वर्षांचे पोर दिसतच नाही.

म्हणून प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत असे की शाळा आधी ठरवावी आणि घर शाळेपासून पायी पंधरा मिनिटांच्या आत घ्यावे. ऑफिस लांब पडले तरी चालेल. मोठा माणूस तास-दीड तास बसमध्ये बसू शकतो, आणि महिन्याला पेट्रोलचे दोन पैसे जास्त गेले तरी हरकत नाही. पोराचा रस्ता छोटा पाहिजे. दोन खोल्यांचे जुने घर शाळेजवळ मिळत असेल आणि चार खोल्यांचे नवे घर महामार्गापलीकडे, तर दोन खोल्यांचे घ्यावे. पाहुणे आले तर दाटी होईल, होऊ द्या. आपण पाहुणे म्हणून जाणार ते दोन दिवस. चटई टाकून झोपू.

ही वाट नकाशावर नव्हे, पायी चालून पाहावी. सकाळी शाळा भरायच्या वेळेला एकदा आणि शाळा सुटायच्या वेळेला एकदा. जमल्यास नातवाचा हात धरून. तो हात धरला म्हणजे आपोआप कळते की फुटपाथ कुठे संपतो, कुठे दुकानाच्या फळ्या आल्यात, गटाराचे झाकण कुठे नाही, रस्ता ओलांडायला किती वेळ थांबावे लागते आणि मोकाट कुत्र्यांचा घोळका कोणत्या कोपऱ्यावर बसतो. एकट्या मोठ्या माणसाला यातले निम्मे दिसत नाही, कारण तो उडी मारून पुढे जातो.

शाळेची गाडी लावायचीच झाली, तर महाराष्ट्रात २०११ पासून स्कूल बससाठी स्वतंत्र नियम आहेत. प्रत्येक शाळेत परिवहन समिती असली पाहिजे आणि तिच्यात पालकांचे प्रतिनिधी असले पाहिजेत. शाळेत जाऊन "समितीत पालक कोण आहेत?" एवढेच विचारावे. नाव सांगता आले तर समिती आहे असे समजावे. रिक्षात पंधरा पोरे कोंबून नेणाऱ्याकडे लेकरू देऊ नये, मग तो आपल्या तालुक्याचा असला तरी. शाळेला सरकारी मान्यता आहे का, तिला अकरा आकडी यू-डायस क्रमांक आहे का, हेही फी भरायच्या आधी पाहावे. मान्यता नसलेल्या शाळांची यादी शिक्षण खाते वरचेवर काढते, आणि पालकांना ती फी भरल्यावर वाचायला मिळते.

फाटकाच्या आत सगळे ठीक असते काय?

"आमची सोसायटी बंद फाटकाची आहे, वॉचमन आहे, कॅमेरे आहेत," असे मुले अभिमानाने सांगतात. बरे आहे. परंतु वॉचमन बाहेरच्याला अडवतो, आतल्या टाकीचे झाकण तो पाहत नाही. मार्च २०२४ मध्ये मुंबईत वडाळ्याला महापालिकेच्या बागेतल्या उघड्या पाण्याच्या टाकीत पडून चार-पाच वर्षांचे दोघे सख्खे भाऊ बुडाले. घराजवळची बाग, खेळायला गेलेली पोरे. विहिरीला कठडा नसेल तर आपण पोरांना तिकडे फिरकू देत नाही. शहरात विहीर दिसत नाही, ती पायाखाली असते.

तेव्हा आवारात एक फेरी मारावी. जमिनीखालच्या टाकीच्या झाकणाला कुलूप आहे का? पोहण्याचा तलाव असेल तर त्याला वेगळे दार आहे का? मुले खेळतात ती जागा आणि गाड्या मागे घेतात ती जागा एकच तर नाही ना? गच्चीचे दार बंद असते का? लिफ्ट जुनी जाळीच्या दाराची आहे की आपोआप मिटणाऱ्या दाराची? आणि घरात गेल्यावर गॅलरीचा कठडा. त्याच्या आडव्या पट्ट्या असतील तर पोराला ती शिडीच. उभे गज आणि त्यांतून डोके जाणार नाही एवढेच अंतर पाहिजे. घरमालक जाळी बसवून देत नसेल तर आपल्या खर्चाने बसवावी. पहिल्या उचलीतले चार पैसे तिकडे गेले तर त्याची खंत नको.

याहून अवघड गोष्ट एक आहे, आणि ती लिहिणे भाग आहे. लहान मुलांवरच्या अत्याचारांसाठी २०१२ साली पोक्सो कायदा झाला. त्याखालच्या गुन्ह्यांची राष्ट्रीय आकडेवारी वर्षानुवर्षे एकच सांगते, की शंभरातल्या नव्वदाहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, शिकवणीवाला, गाडीवाला. म्हणजे फाटकाबाहेरच्या अनोळखी माणसाला जितके घाबरावे, त्याहून जास्त लक्ष फाटकाच्या आत ठेवावे लागते. हे गावालाही लागू आहे. वस्ती निवडताना याचा उपयोग काय? तर असा, की जेथे पुष्कळ घरांचे पुष्कळ डोळे पोरांवर असतात ती वस्ती चांगली. संध्याकाळी सहा वाजता खाली जाऊन उभे राहा. आयाबाया, म्हातारी माणसे खाली बसलेली आहेत का, पोरे एकमेकांना नावाने हाका मारतात का, वाण्याला कोणते पोर कोणाचे हे माहीत आहे का. पंधरा मिनिटांत अंदाज येतो. ज्या इमारतीत संध्याकाळी सगळी दारे बंद आणि मैदान मोकळे, ती इमारत कितीही चकचकीत असो, लहान पोरांच्या घराला कोरडी. मुलांना १०९८ आणि ११२ हे दोन नंबर पाढ्यांसारखे पाठ करून घ्यावेत.

यात सूनबाईंचा विचार फार कमी होतो, तो मुद्दाम करतो. गावात पोर रडले तर चार घरांतून कोणीतरी उचलून घेते. पुण्यात नवरा सकाळी आठला जातो तो रात्री आठला येतो. मध्ये बारा तास ती आणि दोन लेकरे. एकाला ताप आला तर दुसऱ्याला कोणाकडे ठेवणार? म्हणून ज्या वस्तीत आपल्याकडचे एखादे घर आहे, भिशी किंवा भजनी मंडळ आहे, लहान मुलांचा डॉक्टर रिक्षाने दहा मिनिटांत आहे, ती वस्ती पाचशे-हजार रुपये जास्त भाड्याची असली तरी घ्यावी. घर निवडताना शेवटचा शब्द तिचा असावा, कारण तेथे दिवसभर राहायचे तिला आहे. डिपॉझिट आपण दिले म्हणून शेवटचा शब्द आपला होत नाही.

कागद आणि मुक्काम

पहिल्या वर्षी विकत घेऊ नये, भाड्याने राहावे. लागणीआधी रानाची माती तपासतो तसेच हे. अकरा महिन्यांचा भाडेकरार नोंदणी केलेलाच करावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे नोंदणी बंधनकारक आहे, आणि ती करण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि भांडण झाले तर मालकाच्या नसत्या दंडेलीपुढे भाडेकरूचे म्हणणेच खरे धरण्याची तरतूद त्या कायद्यात आहे, पण त्या भरवशावर राहू नये. शाळेत आणि इतर ठिकाणी पत्त्याचा पुरावा म्हणून हाच करार लागतो. अकरा महिन्यांत एक उन्हाळा आणि एक पावसाळा बघून होतो, आणि मग विकत घ्यायचे तर डोळसपणे घेता येते. नवी इमारत असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर तिची नोंद पाहावी. तेथे मंजूर नकाशेही असतात. बागेसाठी दाखवलेली जागा प्रत्यक्षात बाग आहे की गाड्यांचा तळ, हे ताडून पाहता येते.

जाता जाता मगरपट्ट्याविषयी. हडपसरच्या मगर मंडळींनी, सव्वाशेच्या घरातल्या शेतकरी कुटुंबांनी, आपली सुमारे चारशे एकर जमीन बिल्डरला न विकता एकत्र केली आणि भागधारक होऊन स्वतःच नगर वसवले. २००० सालच्या सुमारास बांधकाम सुरू झाले. आत शाळा, बाग, दवाखाना, रुंद पदपथ. भाडे आपल्या पोरांना परवडेल असे नाही, पण वस्ती आधी आखून मग घरे बांधली म्हणजे काय होते ते पाहायला एकदा जावे. शेअर्सची किंमत आपल्याला नवीन नाही.

मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये ऊसशेती ज्ञानयागासाठी आणि भगिनींच्या ज्ञानलक्ष्मी शिबिरासाठी आपल्या कारखान्याचे सभासद जात असतात. ज्यांच्या घरी बिऱ्हाड हलवायचे बोलणे चालू आहे त्यांनी परतीच्या गाडीत लगेच न बसता एक दिवस जादा काढावा. मांजरी, शेवाळेवाडी, हडपसर हा भाग तेथून जवळच आहे. सकाळी शाळेच्या वेळेला, दुपारी टँकरच्या वेळेला आणि संध्याकाळी सहाला, अशी एकच गल्ली तीनदा पाहून होईल. पावसाळ्याच्या शिबिराला गेलात तर आणखी बरे. छत्री आणि जुन्या चपला मात्र बरोबर असू द्या.